परम्याचे औषध आणि आपले मौन
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत असला विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. परंतु ज्या रोगाचे नाव घरात उच्चारायचे नाही, तोच रोग घरात निर्धास्तपणे मुक्काम करतो. म्हणून आज परमा या रोगाविषयी, आणि त्याच्यावरची औषधे एकामागून एक का निकामी होत चालली आहेत याविषयी, चार शब्द सांगण्याची परवानगी मी मागून घेतली आहे.

परमा हा शरीरसंबंधातून पसरणारा रोग आहे. त्याचा जंतू आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरांनी १८७९ साली शोधून काढला. पुरुषाला लागण झाली की बहुधा थोड्याच दिवसांत लघवीला जळजळ होते, पू जातो, आणि मग तो मुकाट्याने का होईना, दवाखान्याची वाट धरतो. स्त्रीचे तसे नाही. पुष्कळ स्त्रियांना काहीच जाणवत नाही. जाणवलेच तर थोडे पांढरे जाते, ओटीपोटात दुखते. आणि हे तर बायकांच्या जातीला लागलेलेच, असे म्हणून ती कामाला लागते. आत मात्र जंतू गर्भाशयातून गर्भनलिकांपर्यंत चढतात. तेथे सूज येऊन नलिका चिकटल्या तर मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच रुजून बाईच्या जिवावर बेतते. बाळंतपणात हे जंतू बाळाच्या डोळ्यांना लागले आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर त्याची दृष्टी जाऊ शकते. आणि घरात मूल नाही म्हणून बोल कोणाला लागतो, हे या सभेत मी सांगायला नको.

मग यावर औषध नाही का? आहे. पण त्या औषधांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९३० नंतर सल्फाच्या गोळ्या आल्या. दहा वर्षे होतात न होतात तोच त्या लागू पडेनाशा झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन आले. आरंभी थोड्या मात्रेने काम भागे. पुढे मात्रा वाढवीत न्यावी लागली, आणि १९७६ साली पेनिसिलिनच मोडून टाकणारा जंतू आढळला. टेट्रासायक्लिनचेही तेच झाले. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गातील औषधे परम्यासाठी वापरू नयेत, असे अमेरिकेच्या आरोग्य खात्याला २००७ साली सांगावे लागले. आज मुख्य भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनवर आहे. परंतु २०१८ साली ब्रिटनमधील एका रुग्णात त्यालाही आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनलाही दाद न देणारा परमा सापडला. एर्टापेनेम नावाचे औषध तीन दिवस शिरेतून दिले, तेव्हा तो बरा झाला.

जंतू एवढे निर्ढावतात कसे? शेतातले तण अर्धवट खुरपले तर कोवळे निघते आणि चिवट तेवढे मागे राहते. पुढच्या पावसात सगळे रान त्याचेच होते. अपुऱ्या औषधाने शरीरात हेच घडते. परम्याचा जंतू तर घशात राहणाऱ्या आपल्या निरुपद्रवी भाऊबंदांकडूनही औषध पचवण्याचे गुण उचलतो.

आता आपल्या घरात डोकावू. नवरा लाजेपायी डॉक्टरांकडे न जाता दुकानातून कोणत्या तरी गोळ्या आणतो. जळजळ थांबली की उरलेल्या टाकून देतो. बायकोला काही सांगत नाही. तिच्या अंगात जंतू तसाच राहतो आणि फिरून त्याच्याकडे येतो. मग दुसऱ्या गोळ्या! औषध हरते ते केवळ जंतूच्या चिवटपणामुळे नाही. आपल्या लपवाछपवीचाही त्यात वाटा आहे.

तेव्हा काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. दुकानदाराला विचारून गोळी घेऊ नका. तपासणी करून घ्या. उपचार पतिपत्नी दोघांनाही हवेत, आणि ते पुरे झाल्यावर निदान सात दिवस संबंध टाळावा. एरवीही निरोधाने पुष्कळ बचाव होतो. औषधाने गुण आला नाही तर दुसरे औषध आपल्या मनाने सुरू न करता पुन्हा डॉक्टरांकडे जा. जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्याला कोणते औषध लागू पडते, हे पाहता येते. जिल्हा रुग्णालयात अशा आजारांची तपासणी व औषधे मिळतात. त्यासाठी खासगी दवाखान्याचा खर्च परवडलाच पाहिजे असे नाही.

आणखी एक. पांढरे जाते म्हणजे परमाच झाला, असे मुळीच नाही. त्याची कारणे अनेक आहेत, आणि पुष्कळशी अगदी साधी आहेत. म्हणून तपासणीआधी नवऱ्यावर आळ घेऊ नका, आणि सुनेवर तर नकोच नको.

डिसेंबर २०२५ मध्ये झोलिफ्लोडॅसिन आणि जेपोटिडॅसिन या दोन नव्या औषधांना अमेरिकेत परम्यासाठी मान्यता मिळाली. आनंदाची गोष्ट आहे. परंतु तीही आपण आजवरच्या रीतीनेच वापरली, तर त्यांची गत सल्फाहून निराळी होणार नाही.

आपल्या मंडळाने अडल्यानडल्या बायकांना आजवर पुष्कळ हात दिला आहे. त्यात एवढ्याची भर घालावी, ही माझी विनंती. एखादी भगिनी दबक्या आवाजात, “माझ्याबरोबर दवाखान्यात याल का?” असे विचारील, तेव्हा कारण न विचारता पायांत चपला घालाव्यात, आणि परत आल्यावर त्याविषयी कोठे बोलू नये.