‘छान’च्या पुढचे दोन शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी रांगोळी, पाककृती आणि उखाणे यांच्या स्पर्धा दरवर्षी होतात. यंदा चिटणीसबाईंनी एक नवीन उपक्रम सुचवला. एकच फोटो सर्वांच्या मोबाईलवर पाठवायचा आणि जिला हौस असेल तिने तो आपल्या मनाप्रमाणे सुधारून परत द्यायचा. अकरा जणींनी भाग घेतला. बक्षीस ठेवले नाही, पहिला-दुसरा काढला नाही. त्याऐवजी प्रत्येक फोटोविषयी मैत्रीच्या नात्याने कोणी तरी दोन शब्द बोलावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मुलीने मोबाईलवर शिकवले आणि मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो काढता काढता हात बसला, एवढेच माझे भांडवल. तरी हे अकरा फोटो मी आठ दिवस पुन्हा पुन्हा पाहिले. त्यातून जे सुचले ते आपल्यापुढे ठेवते.

मूळ फोटो आपण पाहिलाच आहे. आपल्या मंडळाच्या एक ज्येष्ठ काकू पडवीत बसून पापड लाटत आहेत. फोटो त्यांना विचारूनच घेतला होता. मागे खिडकी असल्यामुळे चेहरा काळोखात गेला आहे. डाव्या कोपऱ्यात निळी बादली आहे, वरून विजेची वायर गेली आहे आणि सगळा फोटो किंचित कललेला आहे. फोटोंवर नावे न लिहिता नुसते क्रमांक घातले, ही चिटणीसबाईंची युक्ती मला फार आवडली. नाव दिसले की आपण फोटोकडे न पाहता बाईकडे पाहतो. ती आपल्या भिशीतली असली तर फोटो चांगला, आणि तिच्याशी नळावर बोलणे झालेले असले तर फोटो वाईट!

भगिनींनो, आपल्याकडे अभिप्राय देण्याच्या दोनच तऱ्हा आहेत. एक म्हणजे ‘छान आहे.’ सुनेने केलेल्या आमटीला छान म्हटले आणि वाटी अर्धी तशीच ठेवली, तर तिने काय समजावे? मीठ कमी पडले की चिंच जास्त झाली? दुसरी तऱ्हा म्हणजे ‘तुला नाही जमायचे.’ हे तर आमटीविषयी नसतेच, सुनेविषयी असते. मी या दोन्ही वाटा सोडल्या. प्रत्येक फोटोविषयी तीनच गोष्टी सांगायच्या असे ठरवले. माझी नजर प्रथम कोठे गेली, त्यात चांगले काय साधले, आणि बदलायचे झाले तर काय व कसे. बदल एकच सांगायचा. पाच सांगितले तर ऐकणारीचे मन पहिल्यावरच अडते.

क्रमांक १ च्या भगिनीने चेहरा उजळ केला. हेतू अगदी बरोबर, कारण चेहराच दिसत नव्हता. परंतु तिने ‘ब्राइटनेस’ वाढवला. त्याने सगळ्याच फोटोचा उजेड वाढतो, त्यामुळे खिडकीचे गज पांढरे होऊन नाहीसे झाले. क्रमांक ५ ने तेच काम ‘शॅडोज’ने केले. त्याने काळोखाचा भाग तेवढा वर येतो आणि खिडकी जागच्या जागी राहते. हे दोन फोटो शेजारी ठेवून पाहा, कोणी शिकवायला नको. मात्र क्रमांक ५ ला एक सांगते, की शॅडोज फार ओढले तर काळोखातून रव्यासारखे ठिपके वर येतात. तेथे थोडे मागे यावे.

क्रमांक २ ने बादली आणि वायर दोन्ही कापून टाकल्या. माझी नजर थेट हातांवर आणि पोळपाटावर गेली. हे फार चांगले साधले. फक्त काप नेमका कोपरावर आला आहे, त्यामुळे हात तुटल्यासारखा वाटतो. सांध्यावर कापू नये. बोटभर जागा जास्त ठेवावी किंवा दंडावर कापावे.

क्रमांक ४ ने फोटो फक्त सरळ केला. काही जणी म्हणाल्या, ‘एवढेच?’ पण दाराची चौकट उभी झाली आणि काकू स्थिर बसलेल्या दिसू लागल्या. सरळ करताना चारी कोपरे थोडे कापले जातात, म्हणून फोटो काढतानाच भोवती जागा ठेवावी.

क्रमांक ३ आणि १० यांनी एकच तयार फिल्टर वापरला, जुन्या फोटोसारखा पिवळसर. ३ ने तो पूर्ण लावला, १० ने निम्मा. निम्म्यात लुगड्याचा रंग ओळखू येतो. क्रमांक ७ ने फुलांची चौकट घालून ‘शुभ सकाळ’ लिहिले. अक्षर सुबक आहे, परंतु ते पोळपाटावर बसले. भिंतीची एवढी मोकळी जागा वर आहे, तेथे ते शोभले असते. क्रमांक ८ ने रंग खुलवले. खुलवता खुलवता लुगडे पोपटी झाले आणि उडदाचा पापड हळदीत बुडवल्यासारखा दिसू लागला. रंग चढवताना डोळ्यांना सवय होत जाते आणि कमीच वाटत राहते. पुष्कळ अॅपमध्ये फोटोवर बोट दाबून धरले की मूळ फोटो दिसतो. तसे मधून मधून पाहावे. आणि रात्री केलेला फोटो सकाळी पुन्हा बघितल्याशिवाय कोणाला पाठवू नये.

क्रमांक ९ ने सगळा रंगच काढला. मजा पाहा, बादली होती तेथेच आहे, पण निळा रंग गेल्यावर ती डोळ्यांना टोचत नाही. हे तिला सुचले याचे मला कौतुक वाटले. लुगडे आणि भिंत मात्र एकसारखी करडी झाली आहेत. ‘कॉन्ट्रास्ट’ थोडा वाढवला तर ती वेगळी दिसतील. क्रमांक ११ ने तर काकूंना काश्मीरच्या बागेत नेऊन बसवले! केसांची कड किती बारकाईने कापली आहे ते जवळ जाऊन पाहा. फक्त बागेतले ऊन समोरून आहे आणि काकूंवरचा उजेड मागून, त्यामुळे काकू तेथल्या वाटत नाहीत. मागून ऊन येणारी बाग निवडावी. आता तर यंत्राला नुसते सांगितले तरी ते नवे चित्र करून देते. गंमत म्हणून अवश्य करावे, पण खाली तसे लिहावे.

आता राहिला क्रमांक ६. त्याच्याकडे वळण्यापूर्वी थोडी जुनी हकीकत सांगते. फोटो सुधारणे हे काही मोबाईलचे खूळ नव्हे. १८३९ साली फ्रान्समध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि थोड्याच वर्षांत त्या फोटोंवर कुंचल्याने रंग भरणारे कारागीर निघाले. आपल्या देशातल्या स्टुडिओंतूनही काळ्यापांढऱ्या फोटोत साडीला, दागिन्यांना हाताने रंग देत असत. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग बुजवत. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, तेही थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांच्या खटपटीतून. म्हणजे हत्यार बदलले, हौस जुनीच.

आणखी एक गोष्ट मुलीने मला वाचून दाखवली. कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-फोटो देत असे. गेल्या शतकाच्या मध्यापासून पुष्कळ वर्षे त्यावर गोरी स्त्री असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिचा रंग बरोबर आला की फोटो बरोबर! मग सावळ्या माणसांचे चेहरे काळवंडून का येत, हे निराळे सांगायला नको. मोजपट्टीच एका रंगाची होती.

क्रमांक ६ च्या भगिनीने काकूंचा चेहरा गोरा केला, सुरकुत्या पुसल्या आणि हातावरचा डागही पुसला. फोटो भिंतीवर लावले त्या दिवशी काकू स्वतः पाहायला आल्या. या फोटोपुढे उभ्या राहून म्हणाल्या, “ही कोण गं, माझं लुगडं नेसून बसलेली?” सगळ्या हसल्या. मग त्यांनी मनगटाच्या जागी बोट ठेवले. “आणि माझा डाग कुठं गेला?” तो डाग उकळत्या तेलाचा आहे. पापड-कुरडया करून आणि तळणाच्या ऑर्डरी घेऊन काकूंनी दोन मुलींची लग्ने केली, त्या दिवसांतला. आता कोणी हसले नाही. जिने फोटो केला होता ती सून तेथेच होती. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “काकू, मला वाटलं तुम्हाला आवडेल. आमच्याकडं सगळ्यांचे फोटो असेच करतात.”

भगिनींनो, अशा वेळी काय बोलावे? तिने केले ते मायेने केले होते. मी तिला खरे तेच सांगितले, की अकरा जणींत काकूंच्या डोळ्यांतली चमक तुलाच दाखवता आली आहे. ती तशीच ठेव. फक्त दोन पायऱ्या मागे घे, गोरे करण्याची आणि गुळगुळीत करण्याची. तिच्या अॅपमध्ये केलेल्या पायऱ्या वेगवेगळ्या राहत होत्या, म्हणून बाकीचे काम न बिघडता तेवढ्या काढता आल्या. बाकावर बसून दहा मिनिटांत तिने ते केले. काकूंनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, “हं. आता मी आहे. याची एक प्रत मला दे.” आज भिंतीवर तो दुसरा फोटो आहे.

तेव्हापासून मी एक नियम धरला आहे. जे आज आले आणि उद्या जाणार, ते पुसायला हरकत नाही. पुटकुळी, पिठाचा ठिपका, कपाळावर चिकटलेला केस. जे कायमचे आहे, तीळ, व्रण, सुरकुती, ते त्या माणसाला विचारल्याशिवाय पुसू नये. आणि कातडीचा रंग तर पुसण्याची वस्तूच नव्हे.

हे मी काकूंपुरते बोलत नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत मुलीचे स्थळ पाहणे चालू असते. फोटो पाठवण्यापूर्वी आपण म्हणतो, ‘थोडी उजळ कर गं.’ म्हणणारी आईच असते आणि तीही मायेने म्हणते. २०२० साली एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढून टाकला. पण डबीवरून गेलेला शब्द आपल्या तोंडून गेला आहे का? मुलगी शेजारीच उभी असते. कोणता फोटो पाठवला आणि कोणता ठेवून दिला, हे ती पाहत असते. तोही आपण तिला दिलेला अभिप्रायच. तिने तो न मागता आपण दिला आणि तो ती जन्मभर विसरत नाही. चेहऱ्यावर उजेड पाडा, जरूर पाडा. खिडकीकडे तोंड करून तिला बसवा, सकाळच्या कोवळ्या उजेडात फोटो घ्या. उजेड आणि गोरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रमांक ५ ने आपल्याला हेच दाखवले.

जशी सांगण्याची रीत आहे तशी ऐकण्याचीही आहे. कोणी काही सुचवले की लगेच ‘माझा फोनच जुना आहे’ असे सुरू करू नये. ऐकून घ्यावे, एक दिवस जाऊ द्यावा, करून पाहावे. पटले तर ठेवावे, नाही तर सोडावे. फोटो शेवटी तिचा आहे. आणि करून पाहता यावे म्हणून मूळ फोटो नेहमी वेगळा जपून ठेवावा. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवला की फोटो बारीक होऊन जातो आणि त्यातला तपशील कमी होतो. चांगला हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

आता नावांविषयी. बोलताना क्रमांक बरे, परंतु बोलणे संपल्यावर नाव लागलेच पाहिजे. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचा जन्म १९१३ साली नवसारीला झाला आणि शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पतीच्या नावाने. पुढे त्यांचे नाव झाले, २०११ साली पद्मविभूषण मिळाले, आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. इतक्या मोठ्या बाईला नावासाठी थांबावे लागले. आपल्या अकरा जणींना थांबवू नये. म्हणून चिटणीसबाईंना विनंती करते, की माझे बोलणे संपताच प्रत्येक फोटोखाली जिचे तिने आपल्या हाताने नाव लिहावे.

पुढच्या महिन्याच्या सभेला प्रत्येकीने घरातला एक जुना, फाटका, डागाळलेला फोटो आणावा, आजीचा, सासूबाईंचा, माहेरचा. मोबाईलवर त्याची प्रत घेऊन आपण मिळून तो सुधारू. मूळ फोटोला धक्का लावायचा नाही. आणि ज्या भगिनी आज लाजून मागे राहिल्या त्यांनी पुढच्या वेळी भाग घ्यावा. तुमच्या फोटोला कोणी नुसते ‘छान’ म्हणून सोडणार नाही, एवढी हमी मी देते.