कामाची रीत

‘धंदेवाईक’ हा शब्द आपल्याकडे थोडा बदनाम आहे. तो उच्चारला की पैशाचा वास येतो. पण धंद्याला एक रीत असते, आणि ती शिकण्यासारखी असते. श्रोतेहो, आज तिच्याविषयी चार शब्द.

आमच्या पलूसजवळ किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली तिथे निवडुंगाचा आणि सापांचा माळ होता. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी तो माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला. त्यावर उभा राहिलेला कारखाना आजही चालू आहे. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षे गेली. गिऱ्हाईक येईना म्हणून त्यांनी हत्यार खाली ठेवले नाही. पुढे वाडीच्या राखणीला त्यांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली, आणि त्या माणसांनी वाडी राखली. विश्वास टाकला की माणूस कामाला जागतो तो असा.

आता माझीच गोष्ट सांगतो. पलूसकडचा एक विद्यार्थी नोकरीच्या अर्जासाठी माझ्या सहीचा दाखला मागायला आला. काम पाच मिनिटांचे. मी त्याला चहा पाजला, घरची चौकशी केली आणि म्हणालो, “उद्या ये, बाळ.” असे तीनदा झाले. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. अर्जाची मुदत टळली होती. पुढे बाजारात भेटला, तर मलाच म्हणाला, “असू द्या, सर.” त्या दोन शब्दांनी माझी मान खाली गेली.

मी त्याच्याशी गोड बोललो होतो, पण त्याचे काम केले नव्हते. आपली गल्लत होते ती इथेच. ओळखीच्या माणसाला खुर्ची देतो, अनोळखी माणसाला खेटे घालायला लावतो, आणि स्वतःला मनमिळाऊ समजतो! कामाची रीत याहून साधी आहे. दिलेली वेळ पाळावी. जमणार नसेल तर आजच तसे सांगावे. चूक झाली तर ती हाताखालच्या माणसावर ढकलू नये. आणि समोरचा कोणाचा कोण हे न पाहता त्याचे काम करावे.

उद्या सकाळी कामावर गेलात की टेबलावरचा सर्वांत जुना कागद आधी उचला. त्याच्या पलीकडे कोणीतरी वाट पाहत बसलेले असते.