पायाची पारख



भिंतीला भेग गेली तर ती दिसते. पाया दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. वरून रहदारी सुरळीत चालते, एवढ्यावरून बांधकामाचे आरोग्य ठरत नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा होय.

नवी मुंबईतील तळवलीच्या परिसराला हा प्रश्न जवळचा आहे. ठाणे खाडीच्या काठी मऊ, चिखलवट मातीचे थर आढळतात. अशा जमिनीत जड बांधकामाचा भार खोल उतरविलेल्या काँक्रीटच्या खांबांवरून, म्हणजे पाइलवरून, खालच्या कठीण थरापर्यंत न्यावा लागतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या पट्ट्यात शहर उभे राहिले. जुन्या बांधकामावर मजला चढवावयाचा, तर पाइल किती खोल व अखंड आहे काय, हे आधी कळले पाहिजे. मूळ नकाशे हाती नसतील तर ते कसे कळावे?

पाया न फोडता तपासण्याच्या पद्धती आज उपलब्ध आहेत. पाइलच्या माथ्यावर लहान हातोडीने ठोका दिला की ध्वनिलहर खाली जाते व टोकावरून परतते. काँक्रीटमध्ये तिचा वेग सेकंदास सुमारे ४,००० मीटर असतो. म्हणजे २० मीटर लांब पाइलमधून ती सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येते. त्याआधीच प्रतिध्वनी आला, तर मध्ये तडा वा आकुंचन असण्याचा संभव असतो.

परंतु वर इमारत उभी असली की प्रतिध्वनी संमिश्र होतो. अशा वेळी पाइलशेजारी त्याहून खोल बोअर घेऊन त्यात लहर टिपणारे उपकरण टप्प्याटप्प्याने उतरवितात व प्रत्येक वेळी वरच्या बांधकामावर ठोका देतात. पाइलच्या टोकाखाली लहरीला मातीतून जावे लागते. ती मंदावते, आणि वेळेच्या आलेखाला जेथे वळण पडते तेथे पाइल संपला असे समजते.

पाइलच्या अखंडतेच्या चाचण्यांसाठी आय. एस. १४८९३ हे भारतीय मानक मार्गदर्शक आहे. तथापि, या चाचण्या लांबी व अखंडता सांगतात, भार पेलण्याची शक्ती नव्हे. त्यासाठी भारचाचणी वेगळी करावी लागते. बारीक दोष त्यांच्या नजरेतून सुटूही शकतात.

म्हणून शाळा, जलकुंभ वा पूल ताब्यात घेताना पायाचे नकाशे व चाचणी-अहवाल मागून घ्यावेत आणि दप्तरी जपून ठेवावेत. जुन्या इमारतीवर मजला चढविण्याचा ठराव येईल, तेव्हा पहिला प्रश्न पायाचा विचारावा.