डोळ्यांतली ओल जपताना



‘डोळ्यांत तेल घालून पहारा करणे’ हा वाक्प्रचार आपण शाळेत शिकलो, वाक्यात उपयोगही करून दाखवला. पण डोळ्यांत खरोखरच तेल असतं, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. पापणीच्या कडेला बारीक ग्रंथींची एक रांग असते. पापणी मिटली-उघडली की त्यांतून किंचित स्निग्ध पदार्थ पाझरतो आणि अश्रूंवर त्याची पातळ साय पसरते. ही साय असेल तर खालचं पाणी टिकतं, फाटली की उडून जातं.

आम्ही कविमंडळींनी दुःखाच्या अश्रूंवर पुष्कळ शाई खर्च केली. दुःख नसतानाही दिवसभर डोळा ओला ठेवणाऱ्या अश्रूंकडे मात्र आमचं लक्ष गेलं नाही. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे, कारण आपल्या तालुक्याच्या गावांतूनही आता कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी मुलं-मुली दिसतात आणि संध्याकाळ झाली की डोळे चोळू लागतात.

मऊ लेन्स तयार केली ती प्राग शहरातल्या ओटो विख्टरले या रसायनशास्त्रज्ञाने, १९६१ साली. मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून त्यांनी घरीच यंत्र बनवलं होतं. त्यांनी शोधलेलं प्लॅस्टिक पाणी पिऊन मऊ होतं. म्हणजे डोळ्यावर बसलेली लेन्स सतत ओली राहायला हवी. अश्रूंचा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा आणि लेन्स त्याच्या कितीतरी पट जाड. ती मधे बसली की थराचे दोन भाग होतात, वरची साय लवकर फाटते आणि डोळा सुकू लागतो.

धाराशिवच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बालाघाटच्या माळावर पाऊस किती पडला याइतकंच जमिनीत ओल किती टिकली यालाही महत्त्व असतं. म्हणून तो पाचटाचं आच्छादन घालतो. डोळ्याचंही तसंच आहे. काहीजण म्हणतात, ‘माझ्या डोळ्यांतून तर पाणी वाहतं, मग कोरडे कसे?’ तो वळवाचा पाऊस समजा. डोळा टोचला म्हणून येतो, वाहून जातो, मुरत नाही. नेत्रतज्ज्ञ खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. ही पद्धत शिर्मर यांनी १९०३ साली सांगितली. आपला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, हे अश्रूही मिलिमीटरमध्येच!

मग करायचं काय? पहिलं म्हणजे पापणी पुरती मिटा. मोबाइल किंवा संगणक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो आणि त्याही अर्धवट. दर वीस मिनिटांनी नजर उचलून लांब पाहा. पंख्याचा किंवा कूलरचा झोत तोंडावर घेऊ नका. मोटारसायकलवर हेल्मेटची काच खाली असू द्या. सोयाबीनची मळणी चालू असेल तर लेन्स काढून चष्मा लावा. लेन्स उतरवल्यावर, स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून मिटल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवलं, तर ग्रंथींतलं घट्ट झालेलं तेल मोकळं होतं. आमच्या घरांतून सुरमा घालायची रीत आहे, शेजारच्या घरात काजळ. लेन्सवाल्यांनी दोन्ही दूर ठेवलेली बरी.

थेंब वापरायचे तर लेन्स असताना चालतील असे कृत्रिम अश्रूंचे, डॉक्टरांना विचारून. लाली घालवणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो. त्रास सुरूच राहिला तर लेन्सचा प्रकार बदलून मिळतो. रोज नवी वापरायची लेन्स काहींना मानवते. मात्र जास्त पाणी धरणारी लेन्स म्हणजे डोळ्यात जास्त ओल, असं नाही. तीही सुकतेच.

आणि सर्वांत महत्त्वाचं. लेन्स कोरडी वाटली म्हणून तिला पाणी लावू नका. नळाचं, विहिरीचं, बोअरचं, टाकीत साठवलेलं, कुठलंच नाही. थुंकी तर मुळीच नको. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली शिरला तर बुबुळ पोखरून नजर घालवू शकतो. आंघोळीआधी लेन्स काढावी, वजू करणाऱ्यांनी डोळे घट्ट मिटून तोंड धुवावं. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, दर वेळी ताजं सोल्यूशन घ्यावं, डबी तीन महिन्यांनी बदलावी. आणि लेन्स लावून झोपू नये.

हे शेवटचं सांगायला सोपं, पण पाळायला सगळ्यांत अवघड कुणाला, माहीत आहे? लग्न ठरताना जिचा चष्मा दडवला जातो, त्या मुलीला. पाहुणे येणार म्हणून लेन्स बसवून दिली जाते. डोळे चुरचुरतात म्हटलं तर ‘सवय होईल’ असं ऐकावं लागतं. सासरी चष्मा दाखवायचाच नसेल, तर तिने लेन्स उतरवायची कधी? रात्रभर डोळ्यात राहिलेल्या लेन्सने जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. चुरचुर ही सवयीची गोष्ट नाही, ती डोळ्याची तक्रार आहे. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधूक दिसू लागलं, तर लेन्स काढा, पुन्हा लावू नका आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

लेन्स वापरायला हरकत नाही. तिच्या जोडीला नंबराचा चष्मा घरात हवा, आणि तो चारचौघांत लावायची मोकळीकही हवी. ही मोकळीक औषधाच्या दुकानात मिळत नाही. ती आई-वडिलांनी आणि सासरच्यांनी द्यायची असते.