किल्ली स्वतःच्याच हाती असावी
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



कापडाच्या व्यापारात एक जुनी रीत आहे. थानाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यांत न लिहिता अक्षरांत लिहितात. दहा निरनिराळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन आणि शेवटचे म्हणजे शून्य. चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असते, पण भाव कळतो तो पेढीवरच्या माणसांनाच. आज ज्याला क्रिप्टोग्राफी, म्हणजेच गूढलेखनशास्त्र म्हणतात, त्याची ही पहिली पायरी होय.

आपल्या विदर्भाला तर या शास्त्राची मोठी परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये जतन केले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहिण्याची ही युक्ती इतकी प्रभावी ठरली की, मराठीचा हा ठेवा शतकानुशतके बाहेरच्या अभ्यासकांना वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी तो सर्वांसाठी खुला झाला.

या पद्धतीची मर्यादाही येथेच दिसते. अक्षरांचे कोष्टक एकदा हाती आले की सारेच ग्रंथ वाचता येतात. म्हणून १८८३ साली ऑगुस्त केरकॉफ्स या भाषातज्ज्ञाने एक नियम मांडला. कुलपाची रचना साऱ्या जगाला ठाऊक असली तरी चालेल. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आजची संगणक सुरक्षा याच नियमावर उभी आहे.

पण दूरच्या, कधीही न भेटलेल्या माणसाला किल्ली पोहोचवायची कशी? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी यावर मार्ग दाखवला, तर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मोठमोठ्या मूळ संख्यांच्या गणितातून तो प्रत्यक्षात आणला. मंदिरातील दानपेटी डोळ्यांसमोर आणा. फटीतून नोट कोणीही टाकू शकतो, पण पेटी उघडते ती विश्वस्तांजवळील किल्लीनेच. तशीच येथे एक किल्ली जगासाठी खुली असते आणि दुसरी मालकाजवळ गुप्त असते. हीच योजना उलट वापरली की डिजिटल स्वाक्षरी होते. मालक गुप्त किल्लीने सही करतो आणि खुल्या किल्लीने कोणीही ती पडताळू शकतो. सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने या स्वाक्षरीला कायद्याची मान्यता दिली.

विवरणपत्रे भरताना व्यापारी ही स्वाक्षरी नेहमी वापरतात. परंतु तिचा डोंगल संकेतशब्दासह दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून देणे म्हणजे सह्या केलेले कोरे धनादेश वाटणे होय. ही चूक वडीलधाऱ्यांची आहे. मुलांनी ती घरात नम्रपणे दाखवून द्यावी.

किल्ली मजबूत असली तरी माणसाची ओळख पटवणे तितकेच महत्त्वाचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ तारखेला नकली कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली, आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएम विचारी, “पैसे द्यावेत काय?” आणि बँकेच्या ऐवजी चोरांनी मध्येच बसवलेली यंत्रणा उत्तर देई, “द्यावेत.” उत्तर देणाऱ्याची ओळखच चोरांनी बळकावली होती.

हाच प्रकार आता फोनवर चालतो. समोरचा स्वतःला बँक अधिकारी वा पोलीस म्हणवतो आणि ओटीपी मागतो, किंवा ‘डिजिटल अटके’ची धमकी देतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

विद्यार्थ्यांसाठी याहून घातक मोह आणखी एक आहे. “तुझे खाते काही दिवस वापरू दे, कमिशन मिळेल,” असे कोणी ओळखीचा मित्रही सांगतो. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो, खाते गोठवले जाते आणि चौकशीसाठी बोलावणे येते ते खातेदाराला. चार-पाच हजारांसाठी उसने दिले जाते ते आपले नाव. पेढीची पत उभी राहायला पिढ्या लागतात, जायला एक व्यवहार पुरतो.

आता खाजगीपणाविषयी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्या पीठावर आपल्या नागपूरचे सुपुत्र न्यायमूर्ती शरद बोबडे होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुढे २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. पण आपल्या समाजात काय चालते? वधू-वर परिचय पुस्तिका आणि परिवार सूची यांत जन्मतारीख, पत्ता, मोबाइल क्रमांक, मुलीचे छायाचित्र, सारे असते. पूर्वी ती पुस्तिका कपाटात राहत असे. आज तिची प्रत एका बोटाने शेकडो अनोळखी हातांत जाते. ज्याची माहिती आहे, त्याची संमती विचारलीच पाहिजे. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली माहिती ही ठेव आहे, आणि ठेव वापरण्याचा अधिकार पेढीला नसतो.

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येक खात्याला वेगळा व लांब संकेतशब्द ठेवा, दुहेरी पडताळणी सुरू करा, आणि महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळी जपा. घरातील आजी-आजोबांना हे सारे न रागावता, दोनदा विचारले तर दोनदा समजावून सांगा. पूर्वजांनी तिजोरीची किल्ली कमरेला बांधून पेढ्या सांभाळल्या. तीच दक्षता तुमच्या हातून या नव्या तिजोरीच्या बाबतीतही घडो, हीच सदिच्छा.