पाण्यातील विष आणि विकरांचे कार्य

विष एका घागरीतून दुसऱ्या घागरीत ओतले, म्हणून ते नाहीसे होत नाही. कोळशापासून कोक करणाऱ्या व तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात फिनॉल हे विषारी द्रव्य असते. ते पाण्यातून काढावयाचे कसे आणि काढल्यावर त्याचे करावयाचे काय, असा हा दुहेरी प्रश्न आहे.

सजीवांच्या देहातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे म्हणतात. कच्च्या पपईने मांस लवकर मऊ होते, ते तिच्यातील विकरामुळे. मोहरीच्या कुळातील हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळातही पेरॉक्सिडेज हे विकर असते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने ते फिनॉलचे रेणू एकमेकांस जोडते. हे जोडरेणू पाण्यात विरघळत नाहीत. साका होऊन तळाशी बसतात व गाळून काढता येतात. अमेरिकेतील अलेक्झांडर क्लिबानोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळशावरील प्रक्रियेच्या सांडपाण्यासाठी ही रीत १९८३ साली मांडली.

दुसरा मार्ग कार्बन डाय-ऑक्साइडचा. हा वायू ३१ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात, हवेच्या सुमारे ७३ पटींहून अधिक दाबाखाली ठेवला, की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. वायूप्रमाणे तो सर्वत्र शिरतो आणि द्रवाप्रमाणे पदार्थ विरघळवितो. या अतिक्रांतिक अवस्थेत तो पाण्यातील फिनॉल काही अंशी ओढून घेतो. दाब उतरविताच वायू निघून जातो, फिनॉल मात्र मागे उरते. म्हणजे विषाने केवळ घागर बदलली!

मग त्या प्रवाहातच विकराला कामास लावले तर? कापलेले वांगे ज्याच्यामुळे काळे पडते, ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज अतिक्रांतिक कार्बन डाय-ऑक्साइडमध्येही फिनॉलवर्गीय द्रव्यांचे रूपांतर करते, हे क्लिबानोव्ह व इतर संशोधकांनी १९८५ साली दाखवून दिले.

तरीही अडचणी थोड्या नाहीत. विकराला स्वतःभोवती पाण्याचा पातळ थर लागतो. अगदी कोरडा प्रवाह तोही हिरावून घेतो. उलट पाणी अधिक झाले, तर त्यात हा वायू विरघळून आम्लता वाढते आणि ती अनेक विकरांना सोसत नाही. शिवाय एवढा दाब पेलणारी पात्रे महाग पडतात. म्हणून ही रीत अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

परंतु तिने घालून दिलेली कसोटी मोलाची आहे. सांडपाणी निवळ दिसू लागले, एवढ्यावर समाधान मानू नये; त्यातून काढलेले विष गेले कोठे, हेही विचारावे.