मैदानावरचे शिकाऊ



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्यापीठांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पगाराविषयी मात्र आहे, आणि आजची गोष्ट पगाराचीच आहे.

अमेरिकेत डॅलस शहरी सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ आहे. तिकडचा फुटबॉल निराळा. लंबगोल चेंडू हाती धरून, अंगावर अंग घालून खेळायचा. १९८२ साली या विद्यापीठाचा संघ एकही सामना हरला नाही. मैदाने भरत, पैसा येई. पण खेळाडूने शिष्यवृत्तीपलीकडे काही घेणे हा गुन्हा! मग गावचे धनिक चोरून पैसे देत. १९८५ साली शिक्षा झाली, तरी त्यानंतर १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर पोचले. क्रीडाखात्यातल्या अधिकाऱ्यांना ते ठाऊक होते.

फेब्रुवारी १९८७ मध्ये महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने त्या वर्षीचा खेळच बंद केला. पुढच्या वर्षीचा विद्यापीठाने स्वतः रद्द केला. १९८९ साली संघ परतला, तो ह्यूस्टनकडून ९५-२१ असा हरला. पुढल्या वीस वर्षांत हारीपेक्षा जिती जास्त असे वर्ष एकच आले, १९९७.

आणि देणारे? विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष बिल क्लेमेंट्स यांनी मार्च १९८७ मध्ये कबूल केले की, दिलेला शब्द पाळायचा म्हणून हे पैसे चालू ठेवण्यास आपली संमती होती. तेव्हा ते टेक्सासचे गव्हर्नर होते, आणि मुदत संपेपर्यंत राहिले. ज्या पोरांनी दमडी घेतली नव्हती, त्यांचाही खेळ मात्र बुडाला.

मी एका कारखान्यात पाहिले आहे : तीन-तीन वर्षे यंत्र चालवणारा पोरगा हजेरीपटावर ‘शिकाऊ’च. तिकडे त्याला ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणतात. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी युनियनसाठी मतदान केले. २०१५ साली सरकारी कामगार मंडळाने त्यात हात घालण्याचे नाकारले. मते मोजलीच गेली नाहीत.

जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना उघड पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणजे १९८७ चा गुन्हा आज रीतसर हिशेबात लिहिला जातो. पण बंधूंनो, खुशीने दिलेला पैसा खुशीने बंदही होतो. मोबदला ठरवताना समोर बसण्याचा हक्क कामगाराला असतो, शिकाऊला नसतो. ती मतपेटी उघडेपर्यंत ही गोष्ट पुरी झाली असे मी मानणार नाही.